त्रेसष्ट मायक्रॉनची चाळणी

काकिनाड्याहून चिखल आला.
थर्माकोलचा डबा, बर्फाचं कोमट पाणी झालेलं,
वर पत्ता : प्राणिशास्त्र विभाग, वसमत.
सही माझी. केरबा सोनटक्के, परिचर.
पार्सलवाला म्हणाला, मासे का?
म्हणालो, माती.
भाडं देऊन माती आणतेत व्हय, म्हणत गेला हसत.

निलोफर मॅडम म्हणाल्या, चाळा, पण दमानं.
हळद चाळण्यात आमच्या घराची हयात गेली,
पण ही चाळणी निराळी,
हिच्यात गव्हाचं पीठही अडकून बसतं.
पाण्याची बारीक धार धरली अर्धा दिवस,
काळं काळं गळून गेलं
आणि उरले शंख,
मोहरीच्या एका दाण्यावर पन्नास बसतील एवढाले.
एकेका शंखात एकेकच पेशी.
तिला तोंड नाही. पोट नाही.
मग खाती कशी?
बघा, म्हणाल्या, आणि खुर्ची सोडली.

पहिल्यांदा काहीच नाही.
मग भिंतीच्या भोकांतून धागे निघाले,
कोळ्याच्या जाळ्याहून बारीक,
एकमेकांत मिसळणारे, पुन्हा फाटणारे,
आणि एकाच धाग्यात
जाणारे कण जातायत, येणारे येतायत,
धक्का कुणाचा कुणाला नाही.
शेवाळाचा हिरवा ठिपका एका धाग्याला चिकटला.
ओढाताण नाही.
सावकाश, दाराशी, चिखलाच्या गोळीत गुंडाळून ठेवला,
थोडा बाहेरच पचवला,
मग आत.

काही जाती तर, मॅडम सांगत होत्या,
शेवाळ खातात पण त्यातला हिरवा भाग मोडत नाहीत,
जपून ठेवतात, त्याच्याकडून रांधून घेतात.
म्हणजे शेजाऱ्याची चूल उचलून आणली, मी म्हणालो.
पेटलेली, त्या म्हणाल्या.

आणि खाली, गाळात, जिथं हवा संपते?
तिथं नायट्रेटवर दम धरतात,
आतल्या पिशवीत साठवून,
भोवतालच्या पाण्याहून शेकडो पट दाट.
नायट्रेट.
हा शब्द मला वाचता येतो.
आमच्या विहिरीच्या तपासणीच्या कागदावर
तांबड्या शाईनं गोल केलेला.
आमच्या शिवारातनं आसनेत,
आसनेतनं गोदावरीत,
पुढं मला ठाऊक नाही. पुढं मी गेलेलो नाही.
चाळणीखालच्या बादलीकडं मात्र
त्या दिवशी दोनदा बघितलं. काळीच होती.

एप्रिलात रात्री लाईट गेली.
फ्रिज गरम व्हायला लागला.
गयाबाई हळदीच्या कारखान्यातनं सुटून
ओलं पोतं घेऊन आली, बशीच्या पेटीभोवती गुंडाळलं.
बॅटरी तिच्या हातात, डोळा माझा भिंगाला.
पोत्यातनं की माझ्या नखातनं, देव जाणे,
हळदीचा एक कण पाण्यात पडला.
काळजात धस्स झालं.
काढायला जावं तर सुई थरथरती.

धागा आला.
कणाला शिवला. थांबला.
बराच वेळ नुसता धरून होता,
जसं पोस्टातनं आलेलं पाकीट
न वाचता येणारा माणूस धरतो.
मग ओढत नेला. दारातनं आत घेतला नाही.
वाळूच्या कणांच्या भिंतीत एक जागा होती,
तिथं चिकटवला.
ही जात घर बांधणारी होती.

रजिस्टरमध्ये लिहिलं :
रात्री दोन वीस. हळद. खाल्ली नाही. भिंतीत लावली.
सकाळी मॅडमनी वाचलं, पुन्हा वाचलं,
बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, नमुना दूषित.
खोडलं मात्र काही नाही.

शेवटच्या दिवशी मोजणी.
त्यासाठी गुलाबी रंग घालायचा, स्पिरिटात कालवून.
जे जिवंत होतं ते गुलाबी होतं,
मेलेले शंख पांढरे राहतात.
रंग घातल्यावर जिवंत कुणीच राहत नाही, फक्त मोजता येतं.
ओतायला मला सांगितलं.
ओतला.
दोनशे सतरा गुलाबी.
त्यातल्या एकाला एक वीट पिवळी.

घरी गेलो तर गयाबाई भाकरी थापत होती.
तिचे हात नेहमीसारखे पिवळे.
माझ्याकडं बघून म्हणाली,
तुमचे असे कामून?